दहावी नापास, रोजच्या सहाशे पोळ्या

दहावीला मला गणितात २९ मिळाले. पुन्हा बसले नाही, लग्न झालं. आज कर्वेनगरात माझं पोळी-भाजी केंद्र आहे, रोज सहाशेच्या आसपास पोळ्या जातात आणि मी दिवसभर करते काय, तर गणित. बायका येऊन विचारतात, "ताई, शिक्षण नाही, आम्हाला जमेल का?" पोळी येते का, एवढंच मी विचारते. येते म्हणाली की पुढचं सांगते.

आधी गाळा बघत फिरू नका. मी घरच्या ओट्यावर सहा डब्यांनी सुरुवात केली. चार कॉलेजची मुलं आणि एक आजी-आजोबा. तीन-चार महिने असेच काढा आणि तेवढ्यात एक गोष्ट पक्की शोधून काढा: एक पोळी आपल्याला कितीला पडते.

त्यासाठी स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणा. एक किलो चाळलेलं पीठ, साडेपाचशे मिली पाणी, मीठ, तेलाचा हात. साधारण दीड किलोच्या थोडी वर कणीक होते. ४५ ग्रॅमचा उंडा केला तर ३४ पोळ्या. हाताच्या अंदाजाने केला की तो ५० ग्रॅमचा होतो, आणि ३१ च निघतात. तीन पोळ्यांनी काय होतं? सहाशे पोळ्यांना रोज पावणेदोन किलो पीठ जास्त लागतं, महिन्याला पन्नासएक किलो. माझ्याकडे लाटायला येणाऱ्या मावशींचा हात तीस वर्षांचा, त्यांना काटा म्हणजे अपमान वाटला. आठवडाभर बोलल्या नाहीत. आता पहिले पाच उंडे काट्यावर होतात, मग हाताला वजन कळतं.

आता बाकीचं. माझ्याकडे पीठ एक रुपया चाळीस पैसे, तेल चाळीस पैसे, लाटण्याची मजुरी एक रुपया साठ पैसे. गॅसचं असं करा: नवा सिलिंडर लावला की त्यावर खडूने तारीख घाला, त्यावर फक्त पोळ्याच भाजा आणि संपेपर्यंत किती झाल्या ते वहीत लिहा. मला पोळीला पस्तीस पैसे पडतात. घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो, त्यामुळे हिशेबही त्याच भावाने करा. मग भाडं, वीज, कागद, पिशव्या. आणि स्वतःची मजुरी! पहिले सहा महिने मी ती धरलीच नव्हती. पलीकडच्या केंद्राचा भाव बघून त्याच्यापेक्षा आठ आणे कमी लावला होता. गिऱ्हाईक खूश, गल्ल्यात खडखडाट.

सगळं धरून माझी पोळी सहाला पडते, नऊला विकते. तुमच्या भागात आकडे वेगळे निघतील, पण काढा.

गरम पोळ्या एकावर एक रचून डब्यात भरू नका. आधी जाळीवर पसरा, वाफ जाऊ द्या, नाहीतर दुपारी खालची पोळी ओली लागते आणि डबा बंद होतो. का बंद केला ते कोणी सांगत नाही.

कागदांना घाबरू नका. पदवी कुणी मागत नाही. आधार, पॅन, फोटो, जागेचं लाइट बिल एवढ्यावर कामं होतात. छोट्या खाद्यव्यवसायाची नोंदणी करायला मी वर्षाला १०० रुपये भरले. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर शॉप अ‍ॅक्टला फक्त ऑनलाइन कळवायचं असतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नाव घालणं, ती तर फुकट आहे. मी एजंटला दीड हजार मोजले, तुम्ही मोजू नका, घरातल्या पोराला बसवा.

आणि ही उद्यम नोंदणी पहिल्याच महिन्यात करा. एका ऑफिसने रोजचे तीस डबे लावले होते. मी हुरळून गेले. दोन महिन्यांचे लाखभर रुपये अडकले. "अकाउंट्सवाले सुट्टीवर आहेत", "साहेबांची सही राहिलीय". शेवटी निम्मेच आले. नंतर कळलं की २००६ च्या कायद्याने नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, आणि सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माझी नोंदणी तेव्हा नव्हतीच. आता ऑफिसचं बिल दर पंधरवड्याला, ते थकलं की डबे बंद.

कर्ज शक्यतो उशिरा. मी बचत गटातून वीस हजार उचलले, त्यात दोन जुने तवे, परात आणि शेगडी आली. बँकेतून हवं तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारण न ठेवता मिळतं, शिक्षणाची अट नाही. मात्र बँकेत जाताना ती हिशेबाची वही न्या. माझी वही बघून मॅनेजरने खुर्ची पुढे केली होती.

एक राहिलंच. कणीक भिजवण्याआधी कॅलेंडर बघा. संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, सगळं वहीत लिहून ठेवा. पहिल्या आषाढी एकादशीला मी दोनशे चाळीस पोळ्या लाटून बसले होते आणि संध्याकाळपर्यंत गेल्या एकोणीस. घरी दोन दिवस फोडणीची पोळी चालू होती. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, आज मी बाहेर जेवतो.