साइट चालत नाहीये, पण विचारायचं नेमकं कोणाला?

नुसतं 'साइट चालत नाहीये' असं लिहून पाठवलं तर समोरचा कितीही हुशार असला तरी काय सांगणार, कारण डोमेन (साइटचं नाव) एकाकडून घेतलेलं, होस्टिंग (साइट ठेवलेला सर्व्हर म्हणजे कॉम्प्युटर) दुसऱ्याकडे, साइट बनवली तिसऱ्याने आणि ब्राउझर तुमचा. त्यामुळे बिघाड यातल्या कोणाच्या हद्दीत आहे ते आधी शोधा, मग त्यालाच गाठा. कोडिंग न येणाऱ्यालाही हे जमतं.

सगळ्यात आधी तीच लिंक इन्कॉग्निटो (ब्राउझरच्या खाजगी) विंडोत उघडून बघा, आणि मग वायफाय बंद करून मोबाईल डेटावर. इन्कॉग्निटोत चालली तर गडबड तुमच्याच ब्राउझरच्या कॅशेत (साठवलेल्या जुन्या प्रतीत), कुकीत (साइटने ठेवलेल्या नोंदीत) नाहीतर एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला जोडलेल्या सोयीत) आहे, मग कोणाला विचारायची गरजच नाही. डेटावर चालतेय आणि वायफायवर नाही, तर बहुतेक नेटवाल्याचा किंवा ऑफिसचं नेटवर्क बघणाऱ्याचा विषय. कुठेच नाही चालली तर स्क्रीनवर काय लिहून आलंय ते अक्षर न् अक्षर वाचा. लोक हेच करत नाहीत, आणि उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

एररमध्ये 'एनएक्सडोमेन' दिसलं म्हणजे ते नावच सापडत नाहीये, तेव्हा डोमेन जिथून घेतलंय तिथे लॉगिन करा, मुदत संपलीये का बघा, नसेल तर नेमसर्व्हर (नावाचा पत्ता सांगणारा सर्व्हर) आणि ए रेकॉर्ड (नाव कोणत्या आयपी पत्त्याला जोडलंय ती नोंद) बघा. रेकॉर्ड नुकतंच बदललं असेल तर जरा दम धरा, टीटीएल (जुनं उत्तर किती वेळ धरून ठेवायचं तो आकडा) संपेपर्यंत जुनंच उत्तर मिळू शकतं आणि ८६४०० लिहिलेलं असेल तर ते सेकंद असतात, म्हणजे अख्खा दिवस. सर्टिफिकेटच्या (साइटची जोडणी सुरक्षित असल्याचा दाखला) तारखेची वॉर्निंग आली तर आधी स्वतःच्या कॉम्प्युटरची तारीख बरोबर आहे ना ते बघा, ती बरोबर असेल तर सर्टिफिकेट रिन्यू झालेलं नाही आणि ते बहुतेक होस्टिंगवाल्याकडे.

स्क्रीनवर ४०४ हा एररचा आकडा आला तर सर्व्हर उत्तर देतोय, फक्त त्या पत्त्यावर पान नाही, म्हणजे साइट बनवणाऱ्याला विचारा. ५०० आला तर सर्व्हरवरचा कोड किंवा सेटिंग फाटलंय, आणि एरर लॉग (सर्व्हरवरची चुकांची नोंदवही) न बघता त्यावर कोणीही अंदाजच बांधेल. ५०२, ५०३, ५०४ आला तर सुरुवात होस्टिंगवाल्यापासून करा.

आता मराठी साइटवाल्यांचा खास प्रश्न, 'अक्षरं नीट दिसत नाहीत'. हा एक प्रश्न नाहीच, चार वेगळे प्रश्न आहेत आणि चौघांची उत्तरं वेगळ्या माणसांकडे आहेत. नुसत्या चौकटी दिसत असतील तर तो मजकूर कॉपी करून वर्डमध्ये नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करा, तिथे मराठी दिसली तर मजकूर ठीक आहे, फॉन्ट कमी पडतोय, डिझाइन बघणाऱ्याला सांगा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्या मागे विचित्र खुणा, असं पुन्हा पुन्हा येत असेल तर ते चारसेटचं (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीचं) भांडण. यूटीएफ-८ या चारसेटमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, म्हणजे 'की' मधला क तीन आणि वेलांटी तीन, आणि ते बाइट कोणीतरी सुटे सुटे वाचतंय. डेटा बहुतेक शाबूत असतो, डेव्हलपरला हेडर आणि मेटा टॅग (पानाचा चारसेट सांगणाऱ्या ओळी) तपासायला सांगा.

सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र लगेच हालचाल करा. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस बघायचं साधन) टेबल उघडा, तिथे मराठी नीट असेल तर फक्त साइट आणि डेटाबेसमधल्या कनेक्शनचा चारसेट चुकलाय, पण तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर अक्षरं सेव्ह होतानाच गेली, बहुतेक कॉलम लॅटिन१ चा (मराठी न मावणाऱ्या चारसेटचा) आहे, आणि चारसेट नंतर बदलून ती परत येत नाहीत. होस्टिंगवाल्याकडे बॅकअप मागा आणि कॉलम यूटीएफ८एमबी४ (मराठी मावणारा चारसेट) होईपर्यंत नवीन मजकूर टाकू नका. आणि चौथा प्रकार, मासिकाच्या जुन्या अंकातला मजकूर पेस्ट केला आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी आली, तर तो कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. यात सर्व्हरचा काही संबंध नाही, कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) लिहिणाऱ्यांसाठी एक, पोस्टमनमध्ये (एपीआय तपासायच्या अ‍ॅपमध्ये) चालतं पण ब्राउझरमध्ये नाही आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (एरर दाखवणाऱ्या खिडकीत) सीओआरएस (दुसऱ्या साइटवरून मागणी करायच्या परवानगीचा नियम) लिहून येतंय, तर फ्रंटएंडवाल्याच्या (ब्राउझरमधला भाग बनवणाऱ्याच्या) मागे लागू नका, परवानगीचं हेडर एपीआयच्या सर्व्हरकडून यायला लागतं.

माणूस ठरला की प्रश्न असा लिहा: "आज सकाळपासून साइट ५०० देतेय, काल रात्री पीएचपी ७.४ वरून ८.२ केलं, मोबाईल डेटावर आणि इन्कॉग्निटोत तेच, एरर लॉगची शेवटची ओळ खाली दिलीये." यात कधीपासून, आधी काय बदललं, काय करून बघितलं, सगळं आलं, विचारपूस करण्यात वेळ जात नाही. फोटोपेक्षा एररचा मजकूर कॉपी करून द्या, समोरच्याला तो शोधता येतो. फक्त डब्ल्यूपी-कॉन्फिग (वर्डप्रेसच्या सेटिंगची) फाइल जशीच्या तशी कोणाला पाठवू नका, त्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो, आणि आधीच पाठवली असेल तर तो पासवर्ड आजच बदला.