वर्दी उतरली, आता शेत आणि मग ग्रामसभा

यंदा पेन्शनवर गावी येणाऱ्या जवानांसाठी हे लिहितोय. मी 1996 साली भरती झालो, 1999 ला कारगिलच्या लढाईत द्रासला होतो आणि 2013 मध्ये नाईक या हुद्द्यावरून घरी आलो. गाव माण तालुक्यातलं. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही ‘मेजर’ म्हणतात. त्या मेजरकीच्या भरात मी फंडाचा बहुतेक पैसा दीड एकर डाळिंबात घातला.

दुसऱ्या पावसाळ्यात तेल्या रोग आला. फळावर आधी तेलकट डाग पडतो, मग तो काळा होतो आणि नेमक्या त्या डागावरच फळ चिरतं. पहाटे चारला बॅटरी घेऊन मी झाडाझाडाखाली फिरायचो, सेन्ट्री ड्यूटीसारखा. बाग वाचली नाही. शेवटी काढून टाकली.

म्हणून पहिल्या वर्षी फंडाला हातच लावू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून माजी सैनिकाचं ओळखपत्र काढा, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेचं, कार्ड करून घ्या. सातबारा आणि वारसनोंद बघा, कारण तुम्ही पंधरा-वीस वर्षं बाहेर असताना बांध बरेचदा सरकलेला असतो. भावाने इतकी वर्षं जमीन कसली आहे, हे विसरून मोजणी लावू नका. आधी त्याच्याबरोबर एक हंगाम राबा. माती तपासून घ्या आणि नवं पीक दहा गुंठ्यांवरच करून बघा. मी पुन्हा शाळवावर, म्हणजे रब्बी ज्वारीवर आलो. त्याने घरची भाकरी आणि जनावरांचा कडबा यांचा प्रश्न तरी सुटला.

गावकीत उतरताना मला जास्त अवघड गेलं. ओढ्यावर बंधारा घालायचं मी ठरवलं आणि रविवारी सकाळी सातला सगळ्यांनी यायचं म्हणून सांगितलं. आलो मी आणि माझा पुतण्या. पलटणीतली सवय होती, सांगितलं की माणसं येतात. मग दोन महिने घरोघर बसलो. खालच्या आळीतल्या एका आजींनी विचारलं, “मेजर, तू वर पाणी अडवलंस तर माझ्या विहिरीचं काय?” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जागा बदलून आम्ही बंधारा त्यांच्या विहिरीच्या अंगाला घेतला आणि कामाला चाळीस माणसं आली. पुढे त्याच लोकांनी मला ग्रामपंचायतीवर निवडून दिलं.

बरेच जण थेट आमदारकीचं विचारतात. वय 25 पूर्ण हवं आणि राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. नोकरीत आपण सर्व्हिस व्होटर, म्हणजे फौजींच्या वेगळ्या यादीतले मतदार असतो, म्हणून घरी आल्यावर गावच्या यादीसाठी नमुना 6 भरा. पेन्शनची अडचण येत नाही, ते लाभाचं पद नव्हे. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीसाठी निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. खर्चाची मर्यादा 40 लाख आहे. फॉर्म भरणं सोपं आहे, पण खालच्या आळीतल्या आजींसारखी माणसं प्रत्येक गावात आहेत आणि त्यांच्या ओट्यावर बसायला वर्षं लागतात.

आणि निवडणूक लढवलीच पाहिजे असंही नाही. अण्णा हजारे 1965 च्या युद्धात खेमकरणला होते. 1975 ला फौज सोडून ते राळेगणसिद्धीला आले आणि गावाला बरोबर घेऊन पाणी अडवलं.

मी अजून ग्रामपंचायत सदस्यच आहे. यंदा आजींच्या विहिरीला मार्च संपेपर्यंत पाणी होतं. दर आठवड्याला दोर सोडून मोजत होतो.