सायकल ट्यूबलेस करताय? टायरच्या आधी रिम बघा

रविवारी सकाळी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून चहाला थांबलं की एक विषय निघतोच, सायकल ट्यूबलेस करू का, म्हणजे टायरमध्ये ट्यूबच न घालता चालवू का. करा ना, दहिवडी म्हसवडकडं जाणाऱ्यांनी तर कराच, तिकडं रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे इतके असतात की ट्यूब बदलण्यातच सकाळ जाते. पण सगळे टायर कुठला घेऊ हेच विचारतात, रिमचं कोणी विचारत नाही, आणि टायरची कड घट्ट धरून ठेवायचं काम तर रिमचंच असतं.

जुन्याच रिमला आतून तारांची भोकं बुजवायला टेप मारून भागतंय असं सांगणारे भेटतील. मीही तसंच केलेलं. दोन दिवस मस्त चालली, तिसऱ्या दिवशी घाट उतरताना मागची हवा हळूहळू कमी झाली आणि वळणावर टायरची कड रिमवरून सटकली, स्पीड कमी होता म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं.

तर रिम हातात घेतली की आतून बोट फिरवून बघा. मधे खोल खाच पाहिजे, म्हणजे टायर चढवायला सोपं जातं, तिच्या दोन्ही बाजूला सपाट कट्टा पाहिजे ज्यावर टायरची कड बसते, आणि कट्ट्याच्या आतल्या टोकाला बारीकसा उंचवटा. हा उंचवटा हवा कमी झाली तरी कडेला आत घसरू देत नाही, माझ्या जुन्या रिमला नेमका तोच नव्हता. सिंगल वॉल, म्हणजे एकाच थराची रिम असेल तर विषयच सोडा.

मग साइज. टायरवर 40-622 असा आकडा असतो, त्यातला 40 म्हणजे टायरची मिमीतली रुंदी, आणि 622 म्हणजे कड बसते तिथला व्यास, तो रिमवरच्या आकड्याशी जुळलाच पाहिजे. 700 सी आणि 29 इंची दोन्ही 622 च असतात, 27.5 इंची 584, आणि साध्या 26 इंची एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाइकचा, 559. नुसतं अठ्ठावीस इंची म्हणून दुकानात मागू नका, कारण आजोबांच्या काळ्या सायकलची अठ्ठावीस इंची रिम 635 असते, 700 सी चा टायर तिच्यावर बसत नाही.

आतली रुंदी सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे दोन भिंतींच्या मधलं आतलं माप, बाहेरचं नाही. 28 ते 32 च्या टायरला 19 ते 21 मिमी, 38-40 च्या टायरला 23 ते 25, आणि एमटीबीच्या सव्वादोन इंचीला 28-30. कास ठोसेघरचे डांबरी रस्ते आणि गावाकडचे कच्चे रस्ते दोन्ही करणार असाल तर माझं मत सरळ 23 ची रिम आणि 38-40 चा टायर.

हुकवाली घ्यायची, म्हणजे भिंतीच्या टोकाला टायरची कड अडकवणारा आत वळलेला ओठ असलेली, का हुकलेस, म्हणजे सरळ भिंतीची? हुकलेस रिमला जास्तीत जास्त 5 बार म्हणजे साधारण 72 पीएसआय हवा चालते, टायरही हुकलेसला चालणारा आहे असं कंपनीनं लिहिलेलं लागतं. आपल्याकडं पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरनं अंदाजानं हवा मारतात, जरा जास्त गेली तर टायर उडू शकतो, म्हणून मी तरी हुकवालीच घ्या म्हणेन.

तारांची भोकं मोजा, हब (चाकाचा मधला भाग) 32 चा असेल तर रिम 32 चीच, 36 ची नाही. व्हॉल्व्हचं भोक प्रेस्टाला (बारीक व्हॉल्व्हला) 6.5 मिमी. रिम ब्रेक असेल तर ब्रेक घासायची पट्टी असलेली अल्युमिनियमची रिम, डिस्क ब्रेकवाली घेऊन आलात तर परत जावं लागेल.

टेप आतल्या रुंदीपेक्षा 2-3 मिमी जास्त रुंद घ्या, रिम स्पिरिटनं पुसून कोरडी करा आणि ओढून ताणून चिकटवा. खाली एक बुडबुडा राहिला तरी सीलंट, म्हणजे टायरच्या आत घालायचं छिद्र बुजवणारं द्रव, तारांच्या निपलमधून बाहेर येतो.

सगळं झालं की सीलंट घालायच्या आधी टायर फुगवा, दोन्ही कडा टकटक आवाज करत बसल्या पाहिजेत. मग पूर्ण हवा सोडून अंगठ्यानं कड आत ढकलून बघा. जोर लावल्याशिवाय सुटली नाही तर रिम बरोबर आहे, सहज सरकली तर टेपचा अजून एक थर देऊन परत बघा, तरीही सरकत असेल तर त्या रिमवर ट्यूब घालूनच चालवा.