पुळणीची सफाई करताना या चुका टाळा

कोकणच्या पुळणीवर आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची, जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. हीच मर्यादवेल. दर्याने कुठवर यायचं ते ही ठरवते, असं जुनी माणसं सांगतात.

जाळं वेलीसकट ओढणं

सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं. गेल्या हिवाळ्यात सफाईनंतर एक गोणी मी उलटी केली. पिशव्या-बाटल्या थोड्याच, बाकी वेलीची वेटोळी, आणि पेऱ्यापेऱ्यात अडकलेलं निळं नायलॉनचं जाळं. मुळांना वाळू तशीच चिकटलेली. फार वाईट वाटलं. ही वेल पेऱ्यापेऱ्याला मूळ धरते, म्हणून तर वाळू जागेवर राहते. जाळं ओढू नका, कात्रीने बारीक कापून सोडवा. वेळ जातो, जाऊ द्या.

वेल उपटली गेलीच, तर टाकू नका. पावसाळ्याच्या तोंडावर हातभर तुकडे करा आणि भरतीच्या रेघेच्या वर, दोन-तीन पेरी ओल्या वाळूत दाबून लावा. रुजतात.

जेसीबी, ट्रॅक्टर फिरवणं

वेलीखालचे वाळूचे उंचवटे सपाट केले की किनारा 'स्वच्छ' दिसतो खरा, पण उधाणाचा मार तेच झेलत असतात. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या खारफुटीसोबत सर्वांत संवेदनशील गटात आहेत. शिवाय वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात. चाकाखाली वाळू घट्ट झाली की पिल्लांना वर येता येत नाही. पिल्लं बाहेर पडेपर्यंत, म्हणजे मे अखेरपर्यंत, तिथे हातानेच काम करा.

शेवाळ गोळा करणं

वाहून आलेलं शेवाळ, शिंपले, वाळकी पानं हा कचरा नाही. खेकडे आणि किनाऱ्यावरचे पक्षी त्यावरच जगतात. आणि उरलेला पाला तिथेच पेटवू तर मुळीच नका.

शेवटी सुरूची झाडं लावणं

सफाई झाली की वृक्षारोपण ठरलेलंच. सुरू झटपट वाढतो, पण तो इथला नाही, आणि त्याच्या वाळक्या काड्यांच्या थराखाली दुसरं फारसं उगवत नाही. वेलीच्या मागच्या बाजूला उंडी लावा, केतकी लावा.

पुढच्या वेळी सुरुवातीलाच वेलीच्या कडेने सुतळी बांधा. सुतळीपासून पाण्यापर्यंत सगळ्यांनी वेचावं. सुतळीच्या आत मात्र दोघा-तिघांनीच जावं, अनवाणी, हातात कात्री घेऊन.