रेझ की राइझ, लिफ्ट की एलिव्हेट? ‘उचलण्या’चा इंग्रजी शब्द कसा निवडावा

सोसायटीची नोटीस असो की ऑफिसची मेल, वाक्य इंग्रजीत लिहिण्याआधी ते मराठीत मोठ्याने म्हणा आणि क्रियापद नीट ऐका. ‘भाव वाढले’ की ‘भाव वाढवले’? ‘ताप चढला’ की ‘झेंडा चढवला’? क्रियापदात तो ‘व’ आला, म्हणजे करणारा कोणीतरी आहे. इंग्रजीत नेमका हाच फरक राइझ आणि रेझमध्ये आहे, आणि तो आपल्या कानात लहानपणापासून पक्का बसलेला आहे. त्याचाच उपयोग करायचा.

राइझ म्हणजे आपलं आपण वर जाणं: सूर्य, भरतीचं पाणी, ताप, भाव. रूपं राइझ, रोझ, रिझन. रेझला कर्म लागतंच: हात, आवाज, प्रश्न, भाडं. रूपं रेझ, रेझ्ड, रेझ्ड. मुलं वाढवणं हेसुद्धा रेझच. इथे मराठी आणि इंग्रजी अगदी हातात हात घालून चालतात.

आता क्रियापदाला ‘काय?’ असं विचारून पाहा. ‘शी रेझ्ड’ – काय? ‘हर हँड’. उत्तर मिळालं, वाक्य बरोबर. ‘द टाइड रोझ’ – काय? उत्तर नाही, आणि नसायलाच हवं. म्हणून ‘आय वाँट टू राइझ अ पॉइंट’ हे चूक. मुद्दा उपस्थित करणारे तुम्ही आहात, तिथे रेझच हवा.

सगळ्यात जास्त घोळ ‘वॉज’पाशी होतो. ‘भाडं वाढलं’ म्हणजे ‘द रेंट हॅज रिझन’. ‘भाडं वाढवण्यात आलं’ म्हणजे ‘द रेंट वॉज रेझ्ड’. पण ‘द रेंट वॉज रिझन’ कधीच होत नाही, कारण राइझ अकर्मक आहे आणि अकर्मक क्रियापदाचा कर्मणी प्रयोग होत नाही. फलाटाची उंची वाढवली, तेव्हा ‘द प्लॅटफॉर्म वॉज रेझ्ड’. अडचण उद्भवली तर अराइझ, भूतकाळात अरोझ. ‘अराइझ्ड’ हे रूपच नाही.

पगारवाढीला ब्रिटिश ‘पे राइझ’ म्हणतात, अमेरिकन ‘रेझ’. अमेरिकेतल्या ऑफिसला लिहिताना रेझ ठेवा.

कर्म आहे हे ठरलं, की काय उचललं ते पाहा. हाताने, ताकदीने, जमिनीवरून सुटेपर्यंत उचललं तर लिफ्ट: बॅग, मूल, गॅसचा सिलिंडर. बंदीही लिफ्ट होते, म्हणजे ‘उठवली’ जाते. आपल्या ‘उचलेगिरी’त जसं चोरणं आहे, तसंच ते ‘शॉपलिफ्टिंग’मध्येही आहे. इमारतीतल्या लिफ्टला अमेरिकेत ‘एलिव्हेटर’ म्हणतात. तिथे ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आपला तळमजला, हेही ध्यानात असू द्या.

एलिव्हेट मात्र रोजच्या हमालीचा शब्द नाही. लॅटिनमध्ये ‘लेव्हिस’ म्हणजे हलका. त्यातून तो आला. जागेची उंची, पद, शरीरातली पातळी यांसाठी तो वापरा. सुजलेला पाय उशीवर ठेवायला सांगताना डॉक्टर ‘कीप इट एलिव्हेटेड’ म्हणतात. रिपोर्टमधलं ‘एलिव्हेटेड’ म्हणजे नेहमीपेक्षा वाढलेलं. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो खांबांवरून धावते, म्हणून एलिव्हेटेड, आपल्या वर्तमानपत्रांचा ‘उन्नत मार्ग’. पण ‘प्लीज एलिव्हेट माय बॅग’ म्हणालात, तर समोरचा गोंधळेल.

दोरी किंवा कप्पी असेल तर हॉइस्ट. झेंड्याच्या बाबतीत दोरी नीट पाहा. 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावर झेंडा खालून वर चढवला जातो: हॉइस्ट. 26 जानेवारीला तो घडी घालून काठीच्या टोकाला आधीच बांधलेला असतो. दोरी ओढली की गाठ सुटून उलगडतो: अनफर्ल. सोसायटीच्या आवारात झेंड्यात फुलांच्या पाकळ्या ठेवून तो वर बांधून ठेवला असेल, तर नोटिशीत अनफर्लच लिहा.

समाजाच्या उन्नतीसाठी आपल्याकडे ‘अपलिफ्टमेंट’ सर्रास लिहितात. भारतात ते सगळ्यांना समजतं. पण परदेशी वाचकासाठी नुसतं ‘अपलिफ्ट’ लिहा, तेच नामही आहे आणि क्रियापदही. आनंदाने मन उंचावलं तर ‘इलेटेड’. त्याच्या मुळाशीही वर उचललं जाणंच आहे, पण तो माणसाच्या मनासाठीच ठेवा. भाव आणि ताप कधी इलेटेड होत नाहीत.