एकट्याने खेळायचे बोर्ड गेम आणि ग्रुपने खेळायचे बोर्ड गेम: निवडायचे कसे, खेळायचे कसे

डब्यावर '१ ते ४ खेळाडू' असं छापलेलं असतं आणि आपण खूश होतो, की चला, एकटं असलं तरी चालेल आणि चौघं जमली तरी चालेल. चालतं हो, पण चालणं वेगळं आणि रंगणं वेगळं. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की इतक्या जणांसाठी नियम लिहिलेले आहेत, डाव रंगेल की नाही याची हमी तो देत नाही.

म्हणून तो आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघायचं ते हे, की या गेममध्ये आपल्याला नडतं कोण. डेकमधून (पत्त्यांच्या गठ्ठ्यातून) निघणारे पत्ते, फासे, संपत चाललेले टर्न हे नडत असतील तर तो गेम एकट्याला जवळपास नक्की चालतो, कारण तुम्ही एकटे बसा नाहीतर चौघांत बसा, पत्ते नडायचं सोडत नाहीत. पण समोरचा माणूस नडत असेल, म्हणजे त्याची थाप, त्याचा सौदा, त्याने तुमच्या नाकासमोरून उचललेली जागा, तर तो माणूस उठून गेला की टेबलावर उरतो फक्त पुठ्ठा. कॅटान घ्या. १९९५ पासून लोकं खेळतायत, फाशावर पडेल त्याप्रमाणे लाकूड, विटा, मेंढ्या मिळतात, आधी १० पॉइंट करेल तो जिंकला. पण खरा गेम आहे तो अदलाबदलीत, 'दोन मेंढ्या घे पण एक वीट दे' असं गयावया करण्यात आणि जो पुढे गेलाय त्याला सगळ्यांनी मिळून काहीही न देण्यात. हे एकट्याने कुणाशी करणार? बेसिक कॅटानला सोलो मोड नाहीच, आणि नाही तेच बरं.

आता एकट्याचं बघू.

पहिल्यांदाच सोलो खेळणार असाल तर मोठा डबा आणू नका, छोट्या पत्त्यांच्या गेमपासून सुरू करा. ओनिरिम (२०१०) पंधरा-वीस मिनिटांत संपतो. एकाच रंगाचे सलग तीन पत्ते लावायचे, पण शेजारच्या दोन पत्त्यांवर सारखं चिन्ह चालत नाही, असं केलं की एक दार मिळतं, आणि डेक संपायच्या आत आठ दारं मिळवायची. मधेमधे दुःस्वप्नाचे पत्ते निघतात आणि काहीतरी टाकायला लावतात. किल्लीचा पत्ता हा त्यातला सगळ्यात कामाचा पत्ता, दुःस्वप्न निघालं की दारासाठी जपून ठेवलेली किल्लीच टाकावी लागते का, याची धाकधूक कायम असते. नियम पाच मिनिटांत कळतात.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे फ्रायडे (२०११). हा फक्त आणि फक्त एकट्यासाठीच बनवलेला आहे. फ्रीडेमान फ्रीझेचा गेम, बेटावर अडकलेला रॉबिन्सन आणि त्याला जगायला शिकवणारा फ्रायडे म्हणजे आपण. सुरुवातीला रॉबिन्सनचा डेक अगदीच रद्दी असतो, आळशीपणाचे आणि चुकांचे पत्ते. प्रत्येक वेळी दोन संकटांतलं एक निवडायचं, पत्ते उलटायचे, जिंकलात तर तेच संकट चांगला पत्ता बनून तुमच्या डेकमध्ये येतं. आणि हरलात तर जीव कमी होतो, पण जेवढा जीव गेला त्या बदल्यात रद्दी पत्ते कायमचे फेकून देता येतात! त्यामुळे सुरुवातीची काही संकटं मुद्दाम हरायची असतात, आणि हे ज्याला कळत नाही तो शेवटच्या चाच्यांपर्यंत पोचतच नाही कारण डेकमध्ये कचरा तसाच राहतो आणि वरून प्रत्येक वेळी डेक पिसला की म्हातारपणाचा एक पत्ता त्यात घुसतो. पहिले काही डाव हराल, हरा.

मोठ्यांमध्ये सोलोवाल्यांचं नाव ठरलेलं, मेज नाईट (२०११) नाहीतर स्पिरिट आयलंड (२०१७). मेज नाईट म्हणजे हातातले पाच पत्ते घेऊन तासन्तास डोकं खाजवत बसायचा गेम आहे, एकट्याचा डाव सुद्धा तीन तास सहज खातो आणि रूलबुकं दोन आहेत, त्यामुळे वीकेंड मोकळा नसेल तर डबा उघडूच नका. आणि हाच गेम चौघांत खेळायला गेलात तर एकजण टर्न करतोय आणि तिघं छताकडे बघतायत. कुणी हौसेने बोलावलं तरी जाऊ नका. स्पिरिट आयलंडला नशीब कमी लागतं, बेटावर येणारे वसाहतवाले आधी शोध घेतात, मग घरं बांधतात, मग जमीन उद्ध्वस्त करतात, आणि पुढच्या फेरीत कुठे काय होणार हे बरंचसं आधी दिसतं. दिसत असूनही हात पुरे पडत नाहीत, हीच त्यातली गंमत. पहिल्यांदा एकच स्पिरिट, म्हणजे बेट राखणारा एकच आत्मा, घेऊन खेळा, दोन घ्यायचा मोह होतो पण दोघांचे पत्ते सांभाळताना भेजा फ्राय होतो.

टेराफॉर्मिंग मार्स (२०१६) इथे मुद्दाम आणतोय कारण एकाच डब्यात दोन वेगळे गेम आहेत असं वाटतं. मंगळ राहण्यालायक करायचा हा गेम. ग्रुपमध्ये ती शर्यत असते, माइलस्टोन (आधी गाठेल त्याला जादा पॉइंट) कोण आधी पटकावतो, तुझ्या झाडांवर मी उल्का पाडली वगैरे. एकट्याने खेळताना माइलस्टोन आणि अवॉर्ड नाहीतच, त्याऐवजी १४ पिढ्यांमध्ये (म्हणजे फेऱ्यांमध्ये) तापमान +८ अंश, ऑक्सिजन १४ टक्के आणि ९ समुद्र, तिन्ही पूर्ण करायचं, झालं तर जिंकलात नाहीतर हरलात, मधलं काही नाही. मला हा प्रकार आवडतो. कारण बऱ्याच गेमचा सोलो मोड म्हणजे 'स्वतःचाच जुना स्कोअर मोडा' एवढाच असतो, आणि ८४ आले म्हणजे चांगलं की वाईट हे कळतच नाही. काहींना तेच शांत वाटतं, मला मात्र हरायची भीती असल्याशिवाय मजा येत नाही. कॅस्केडियासारख्या (२०२१) गेममध्ये नुसत्या स्कोअरच्या जोडीला ठरावीक अटींचे सिनारिओ दिलेत, ते खेळलात तर बराच फरक पडतो.

सोलोचा तिसरा प्रकार म्हणजे खोटा भिडू. विंगस्पॅन (२०१९) या पक्ष्यांचे पत्ते जमवायच्या गेममध्ये ऑटोमा नावाचा पत्त्यांचा प्रतिस्पर्धी येतो, त्याच्या टर्नला एक पत्ता उलटायचा आणि त्यावर लिहिलंय ते करायचं. तो डोकं लावत नाही, पण ट्रेमधला तुम्हाला हवा असलेला पक्षी बरोब्बर उचलून नेतो, त्यामुळे कुणीतरी समोर बसल्याचा फील येतो. असा बॉट असलेला गेम घेताना एकच बघा, बॉटचा टर्न तुमच्या टर्नपेक्षा पटकन उरकला पाहिजे. तुमचा विचार दोन मिनिटं आणि त्याचं हलवाहलवीचं काम पाच मिनिटं असेल तर तुम्ही खेळत नाही आहात, बॉटची नोकरी करताय.

खेळताना दोन-तीन गोष्टी. एकटे असताना नियम चुकला तर टोकणारं कुणी नसतं, म्हणून फेरीचे टप्पे एका कागदावर लिहून समोर ठेवा आणि त्यावर एखादं प्यादं सरकवत न्या, निम्म्या चुका तिथेच थांबतात. चाल परत घ्यायची की नाही हे डाव सुरू व्हायच्या आधीच ठरवा. मी असं करतो की नवीन पत्ता उलटला नसेल किंवा फासा टाकला नसेल तर मागे जायचं, एकदा नवी माहिती दिसली की नाही, मग तो रडीचा डाव. आणि हो, मोठा गेम असेल तर जिथे दोन दिवस मांडून ठेवता येईल अशी जागा बघा, निम्मी लोकं सोलो खेळायचं सोडतात ती गेम अवघड म्हणून नाही, मांडायचा आणि आवरायचा कंटाळा म्हणून.

ग्रुपचं गणित वेगळं. तिथे सगळ्यात आधी वाट बघायचा वेळ मोजा. पाच जण आणि प्रत्येकाचा टर्न दोन मिनिटांचा, म्हणजे तुमची पाळी परत यायला आठ मिनिटं. त्या आठ मिनिटांत मोबाइल बाहेर येतो, आणि एकदा मोबाइल बाहेर आला की तो माणूस गेला. म्हणून पाचाच्या वर लोकं असतील तर असे गेम घ्या ज्यात सगळे एकदम खेळतात. सेव्हन वंडर्स (२०१०) याच्यासाठी उत्तम, ३ ते ७ जण, सगळ्यांनी एकाच वेळी हातातला एक पत्ता निवडायचा आणि उरलेले शेजाऱ्याला द्यायचे, त्यामुळे तिघं असा की सात, डाव साधारण तेवढ्याच वेळात संपतो. तक्रार एकच, नवीन माणसाला त्यातली चिन्हं पहिल्या डावात कळत नाहीत.

नवखे जास्त असतील तर शब्दांचे गेम. कोडनेम्स (२०१५) मध्ये २५ शब्द मांडायचे, दोन टीम, प्रत्येक टीमचा एकजण एक शब्द आणि एक आकडा एवढीच हिंट देणार, आणि भिडूंनी आपले शब्द ओळखायचे, त्यात एक मारेकऱ्याचा शब्द असतो, तो बोट लावून दाखवला की खेळ खल्लास. सहा ते आठ जणांत मस्त रंगतो. फक्त हिंट देणाऱ्याला वाळूचं घड्याळ लावा, नाहीतर तो दहा मिनिटं समाधी लावून बसतो. त्याहून हलका म्हणजे जस्ट वन (२०१८), एकाने शब्द ओळखायचा, बाकी सगळ्यांनी गुपचूप एकेक हिंट लिहायची आणि ज्या दोघांची हिंट सेम आली त्यांच्या हिंट बाद. म्हणजे फार सोपं लिहिलं तर बाद होणार आणि फार अवघड लिहिलं तर कळणार नाही. नियम सांगायला दोन मिनिटं लागतात, कोणत्याही वयाची माणसं बसतात.

खोटं बोलायचे गेम, ॲव्हलॉन वगैरे, ५ ते १० जणांना चालतात आणि जमले तर त्याच्यासारखं काही नाही, पण आधी विचारा. काही लोकांना तोंडावर खोटं बोलणं खरंच जड जातं, ते गप्प बसून राहतात आणि मग गप्प आहे म्हणून सगळे त्यांच्यावरच संशय घेतात. बरं वाटत नाही ते.

आता एक गोंधळ, जो खूप जणांचा होतो. 'को-ऑप आहे ना, सगळे मिळून गेमविरुद्ध, मग एकट्यालाही चालेल आणि ग्रुपलाही.' तसं नाहीये. को-ऑपचे दोन प्रकार आहेत. एक, ज्यात सगळी माहिती उघडी असते, जसं पँडेमिक (२००८). चार रोग, नकाशावरची शहरं, सगळं सगळ्यांना दिसतंय. डब्यावर २ ते ४ लिहिलंय, पण एकट्याने दोन भूमिका घेऊन अगदी व्यवस्थित खेळता येतो, आणि साथीचे पत्ते ४, ५ किंवा ६ घालून अवघडपणा कमीजास्त करता येतो. पण नेमक्या याच कारणामुळे ग्रुपमध्ये एक शहाणा सगळ्यांचे टर्न खेळायला लागतो, 'तू इकडे जा, तू हा पत्ता दे', आणि बाकीचे नुसते हमाल. यावर उपाय म्हणजे ज्याचा टर्न आहे त्याने आधी स्वतःचा विचार बोलायचा, त्याने विचारल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही. आणि तो शहाणा तुम्हीच असाल तर तुम्ही सोलोच खेळा, कुणाचं काही बिघडणार नाही.

दुसऱ्या प्रकारात माहिती वाटलेली असते. हनाबी (२०१०) मध्ये पत्ते उलटे धरायचे, म्हणजे तुमचे पत्ते तुम्हाला सोडून सगळ्यांना दिसतात आणि मोजक्या हिंट देऊन एकमेकांना खेळवायचं. द क्रू (२०१९) मध्ये आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे हात करायचे, हुकूमही आहे, पण अमुक पत्ता अमुक माणसानेच जिंकला पाहिजे अशी कामगिरी असते आणि बोलायला जवळपास बंदी. इथे कुणीच दादागिरी करू शकत नाही, कारण कुणालाच पूर्ण चित्र माहीत नसतं. आणि म्हणूनच हे एकट्याने खेळता येत नाहीत, स्वतःपासून पत्ते लपवणार कसे?

ग्रुपला गेम शिकवायचा असेल तर लोकं यायच्या आधी तो एकट्याने खेळा, दोन्ही बाजू स्वतः चालवून. मजा येणार नाही, पण नियम कुठे अडतात ते कळतं. टेबलावर रूलबुक वाचून दाखवणं म्हणजे झोपेचं औषध. आधी सांगा जिंकतो कोण, मग सांगा गेम संपतो कधी, मग एका टर्नमध्ये काय काय करता येतं, आणि बारीकसारीक अपवाद जेव्हा येतील तेव्हा. पहिली फेरी पत्ते उघडे ठेवून खेळा. गेम निवडताना टेबलावरच्या सगळ्यात अनुभवी माणसाकडे बघू नका, सगळ्यात नवख्याकडे बघा, अनुभवी माणूस हलका गेम एंजॉय करू शकतो, उलटं होत नाही.

राहिले दोघंच असणारे. हा ना धड सोलो ना ग्रुप, आणि ग्रुपचे गेम दोघांत खेचायचा प्रयत्न बहुतेक वेळा फसतो. जे मुळात दोघांसाठी बांधलेत तेच घ्या. कोडनेम्स आवडत असेल तर कोडनेम्स ड्युएट (२०१७), त्यात दोघं एकाच बाजूला, ९ टर्नमध्ये १५ एजंट, म्हणजे आपले शब्द, शोधायचे. सेव्हन वंडर्सच्या पहिल्या आवृत्तीत दोघांसाठी एक जुगाड होता, मधे तिसरं शहर मांडायचं आणि दोघांनी आळीपाळीने चालवायचं, त्याच्या नादी न लागता सेव्हन वंडर्स ड्युएल (२०१५) घ्या, त्यात पत्ते काही उघडे काही झाकलेले असे एकावर एक मांडतात आणि तुम्ही एक उचलला की खालचा समोरच्यासाठी मोकळा होतो, त्यामुळे प्रत्येक पत्ता उचलताना आपल्याला काय मिळतंय यापेक्षा त्याला काय मिळेल हेच जास्त बघत बसतो.