उपग्रहाला रॉकेटवर जागा मिळाली? वेळापत्रकातल्या या चुका टाळा

नागपुरातल्या एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या टीमने १यू क्यूबसॅट, म्हणजे १० सेंमी बाजूचा ठोकळ्यासारखा छोटा उपग्रह, बांधायला घेतला की फळ्यावर सगळ्यात आधी उड्डाणाची तारीख लिहिली जाते. वेळापत्रक तिथेच चुकतं. ती तारीख रॉकेटची असते. तुमची तारीख म्हणजे उपग्रह इंटिग्रेटरच्या, म्हणजे तो रॉकेटवर बसवून देणाऱ्या कंपनीच्या, ताब्यात द्यायचा दिवस, आणि तो उड्डाणाच्या कितीतरी आठवडे आधी येतो. फळ्यावर तोच लिहा आणि तिथून मागे मोजत या.

मागे मोजताना कंपन चाचणी ताबा द्यायच्या किमान ३ महिने आधी ठेवा. चाचणीत एखादा कनेक्टर सुटला तर खोलणं, दुरुस्ती, पुन्हा जुळणी आणि पुन्हा चाचणी यात दीड-दोन महिने सहज जातात. शेकर टेबल (कंपन देणारं यंत्र) आणि थर्मोव्हॅकसाठी (निर्वातात तापवून-गोठवून बघणारी टाकी) बहुतेक वेळा बाहेरगावी जावं लागतं, तिथल्या तारखा तुमच्या सोयीने मिळत नाहीत. सेमिस्टरची परीक्षा आणि दिवाळी याच तक्त्यात आधीच मांडा. हातात कोणीच नाही असे तीन आठवडे वर्षातून दोनदा तरी येतात.

"तारीख जाहीर झाली" म्हणजे काय

लाँच कंपनी तारीख सांगते तेव्हा तिचा अर्थ 'या दिवसाच्या आधी नाही' एवढाच असतो. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटसारख्या उड्डाणात मुख्य उपग्रह वेगळा आणि तुम्ही सोबतचे प्रवासी. मुहूर्त नवरदेवाचा, वऱ्हाड्यांचा नाही. तुमचा उपग्रह तयार नसला तर रॉकेट थांबणार नाही, पण मुख्य उपग्रह अडला तर तुम्हाला थांबावंच लागेल. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटच्या ट्रान्सपोर्टर फेऱ्यांमध्ये, जिथे अनेक छोटे उपग्रह एकत्र जातात, एकटा मोठा मालक नसतो, त्यामुळे वेळापत्रक जरा पक्कं असतं. तरी रॉकेटमध्येच बिघाड झाला की अख्खी रांग मागे सरकते. ११ जुलै २०२४ ला फाल्कन ९ चा दुसरा टप्पा बिघडला तेव्हा उड्डाणं सुमारे दोन आठवड्यांत पुन्हा सुरू झाली. इतकं लवकर सगळं रुळावर येईल हे मात्र गृहीत धरू नका. करारावर सही करण्याआधी दोन कलमं वाचा: उड्डाण कंपनीमुळे लांबलं तर तुमचं काय, आणि तुमच्यामुळे जागा बदलायची झाली तर शुल्क किती.

आणखी एक साधी चूक म्हणजे वेळेचा घोळ. कॅलिफोर्नियात १४ जानेवारीला सकाळी ११ वाजता उड्डाण असेल तर नागपुरात १५ जानेवारीची रात्र असते, १२ वाजून ३० मिनिटं. तेच उड्डाण जूनमध्ये असेल तर आपल्याकडे त्याच दिवशीचे रात्रीचे ११:३०. अमेरिकेत घड्याळ मार्चमध्ये तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरमध्ये परत मागे येतं. सगळ्या नोंदी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, ठेवा, भारतीय वेळ शेजारी वेगळ्या रकान्यात लिहा.

बॅटरी: इथे बरेच उपग्रह मरतात

उपग्रह डिप्लॉयरमध्ये, म्हणजे कक्षेत त्याला बाहेर ढकलणाऱ्या पेटीत, बसला की डिप्लॉयमेंट स्विच दाबले जातात आणि सर्किट तुटतं. निदान आपण तसं समजतो. पण बॅटरीच्या अंगाला चिकटलेली प्रोटेक्शन चिप, व्होल्टेज मोजणारी रेझिस्टरची जोडी आणि फ्युएल गेज (उरलेला चार्ज मोजणारी चिप) बऱ्याचदा स्विचच्या अलीकडे असतात. ते दिवसरात्र करंट पितात.

हिशेब करून बघा. २६०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेच्या सेलमधून १ मिलिअँपिअर गळत असेल तर दिवसाला २४ एमएएच जातात. पूर्ण चार्ज केलेला सेल १०८ दिवसांत रिकामा. सुटे लिथियम-आयन सेल विमानाने पाठवताना चार्ज ३०% च्या वर चालत नाही. तोच सेल त्या ३०%, म्हणजे ७८० एमएएचवरच बसवून दिलात तर जेमतेम ३२ दिवस. उड्डाण दोन महिने लांबलं की सेल अडीच व्होल्टच्या खाली उतरतो, आणि एकदा तसा उतरला की पुन्हा चार्ज करणं धोक्याचं असतं. गळती ५० मायक्रोअँपिअरवर आणलीत तर ६ महिन्यांत फक्त २१६ एमएएच जातात. फरक एवढा आहे.

तपासणी अशी करा: डिप्लॉयमेंट स्विच दाबलेले, 'उड्डाणाआधी काढा' पिन काढलेली, बॅटरीच्या पॉझिटिव्ह तारेत मायक्रोअँपिअर मोजणारं मीटर. पिन लावून मोजलेला आकडा फसवा असतो, कारण डिप्लॉयरमध्ये ती पिन राहत नाही. किती चार्जवर ताबा द्यायचा ते इंटिग्रेटरच्या कागदपत्रात बघा, अंदाजाने ठरवू नका. आणि मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, सेल पूर्ण चार्ज करून लॅबच्या कपाटात ठेवू नका. अर्धा चार्ज आणि थंड खोली, नाहीतर क्षमता कायमची घटते.

रेल आत जात नाही

क्यूबसॅटची रुंदी १०० मिमी, सूट फक्त ०.१ मिमी. हिंगण्याच्या एमआयडीसीत जॉबवर्कला रेल, म्हणजे डिप्लॉयरमध्ये सरकणाऱ्या कडेच्या पट्ट्या, देताना माप मशिनिंगनंतरचं लिहिलं जातं आणि अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमवरचा कठीण थर, विसरलं जातं. हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा ५० मायक्रॉनचा थर साधारण अर्धा आत, अर्धा बाहेर वाढतो. दोन्ही बाजू मिळून रुंदी ०.०५ मिमीने वाढते. १००.०८ वर पास झालेला भाग कोटिंगनंतर १००.१३ होतो आणि फिट-चेकला, म्हणजे डिप्लॉयरमध्ये बसवून बघताना, अडकतो. ड्रॉइंगवर 'माप अ‍ॅनोडायझिंगनंतरचं' असं ठळक लिहा. व्हर्निअरवर विसंबू नका. १०० मिमी हे माप दोन मायक्रोमीटरच्या सीमेवर येतं, म्हणून ७५-१०० आणि १००-१२५ हे दोन्ही जवळ हवेत.

स्वस्त जागा, चुकीची कक्षा

लवकरची तारीख मिळते म्हणून कक्षा न बघता होकार देऊ नका. ३० जुलै २०२३ च्या पीएसएलव्ही-सी५६ ने उपग्रह ५३५ किमी उंचीवर विषुववृत्ताशी फक्त ५ अंश कललेल्या कक्षेत सोडले. तशा कक्षेतला उपग्रह २१ अंश अक्षांशावरच्या नागपुरातून क्षितिजाच्या वर जास्तीत जास्त ८ अंशच दिसतो. कॉलेजच्या गच्चीवरून तेवढ्यात समोरची इमारत आणि झाडंच आडवी येतात. ध्रुवांवरून जाणाऱ्या सूर्य-समकालिक कक्षेत मात्र दिवसाला डोक्याजवळून जाणारे चांगले पास, म्हणजे उपग्रहाच्या फेऱ्या, मिळतात.

फ्रिक्वेन्सीचा कागद सगळ्यात आधी हलवा. हौशी रेडिओचा पट्टा वापरणार असाल तर आयएआरयूकडे (हौशी रेडिओची आंतरराष्ट्रीय संघटना) समन्वय, डब्ल्यूपीसीकडे (दूरसंचार खात्याचा वायरलेस विभाग) परवाना आणि इन-स्पेसची (खासगी अंतराळ कामांना मंजुरी देणारी केंद्राची संस्था) अधिकृती, हे तिन्ही वेगळे आहेत आणि एकामुळे दुसरा अडतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडची आगाऊ सूचना शक्यतो वापराच्या दोन वर्षं आधी जायला हवी. कक्षा बदलली की कागदांतही बदल करावा लागतो, म्हणून उड्डाण बदलताना आधी हे तपासा.

जमलं तर दुसरा संच बांधून ठेवा. ७ ऑगस्ट २०२२ ला इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात शाळकरी मुलींचा आझादीसॅट हातचा गेला, कारण कक्षा ३५६ बाय ७६ किमी झाली आणि तिथे काहीच टिकत नाही. १० फेब्रुवारी २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणात आझादीसॅट-२ वर गेला.

उड्डाण झालं, सिग्नल नाही

घाबरण्याआधी क्रमाने बघा. सोडल्यानंतर ४५ मिनिटं उपग्रहाने प्रसारण करायचंच नसतं. उड्डाण एक दिवस पुढे गेलं असेल तर जुने कक्षा-घटक, म्हणजे उपग्रह कधी कुठे असेल ते सांगणारे आकडे, चालत नाहीत: त्याच वेळेला उड्डाण झालं तरी आरोही पाताची (कक्षा विषुववृत्त उत्तरेकडे ओलांडते तो बिंदू) स्थिती सुमारे ०.९९ अंशाने सरकते, नवे मागवा. ४३७ मेगाहर्ट्‌झवर डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगाने फ्रिक्वेन्सी बदलल्यामुळे, १० किलोहर्ट्‌झपर्यंत सरक असते, म्हणून रिसिव्हर त्या पट्ट्यात फिरवा. शंभरेक उपग्रह एकदम सुटले असतील तर रडारच्या यादीतला तुमचा क्रमांक कळायला काही दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर शेजारच्या दोन-तीन वस्तूंच्या घटकांवरही अँटेना फिरवून बीकन, म्हणजे उपग्रहाचा ओळख-सिग्नल, ऐका.